चाळिशीनंतरचे मुरूम आणि माझी एक चूक
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा बाहेरचा पाहुणा न बोलावता आपल्यातल्याच चौघींनी बोलावे असे ठरले आणि चिठ्ठीत माझे नाव निघाले. लिंबाच्या लोणच्याविषयी बोला, असे पुष्कळ जणींनी सुचविले. घरी दोन दिवस लोणच्याचाच विचार केला. पण मनात दुसरेच घोळत होते आणि ते या मंडळापुढे बोलणे मला भाग आहे. का भाग आहे ते पुढे कळेलच.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे सांगणार आहे ते माझ्या स्वतःच्या तोंडावर जे झाले ते, आणि मिरजेच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल अशा भाषेत जे सांगितले ते, एवढेच.

शाळेत असताना मला कधी मुरूम आला नाही. मैत्रिणींना येत, मी ऐटीत हिंडत असे. चव्वेचाळिसाव्या वर्षी हनुवटीच्या खाली हरभऱ्याएवढी एक गाठ आली. हात लावला की ठणके. आठवड्याने बसली, पुढच्या महिन्यात पाळीच्या चार दिवस आधी तिथेच दोन आल्या. मग जबड्याच्या कडेने दोन्ही बाजूंना, आणि गेल्या की मागे काळे डाग.

सासूबाई म्हणाल्या उष्णता झाली. सब्जा आणि गुलकंद सुरू झाला. जाऊबाई म्हणाल्या पोट साफ नाही, रविवारी एरंडेल. आमच्या ह्यांनी विनोद केला. आमच्या बोळात त्या दिवसांत रस्त्याला मुरूम टाकायचा होता. हे म्हणाले, "रस्त्याला मुरूम पडायला दोन वर्षे लागली, तुला एका महिन्यात पडला." मी सर्वांबरोबर हसले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. चाळिशी ओलांडलेली, लग्नाला आलेला मुलगा असलेली बाई तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी रडते, हे कोणाला सांगायचे? तोच तर खरा त्रास होता. पोरीबाळींना आले तर घरात कौतुकाने औषध होते. आपल्याला आले तर "या वयात?" म्हणून विचारतात.

जायफळ दुधात उगाळून लावले, चंदन लावले, मसुराचे पीठ लावून खसाखसा घासले. मोबाइलवर एका बाईने लिंबू आणि टूथपेस्ट सांगितले होते, तेही केले. लिंबाने कातडी जळाली, त्याचा डाग वर्षभर राहिला. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताप आल्याचे सांगून मी घरी बसले. तुम्हाला ठाऊकच आहे, कुंकू लावताना समोरची बाई आपल्या तोंडाकडे हातभर अंतरावरून पाहते. कपाळाकडे बघता बघता तिची नजर हनुवटीवर उतरते आणि ती काही बोलत नाही. ते न बोलणे मला सोसवत नव्हते.

मग ती नळी आली.

औषधाच्या दुकानात मी भावाच्या मुलाला घेऊन गेले होते. चिठ्ठी नव्हती. दुकानदाराने तोंडाकडे पाहिले आणि एक मलम काढून दिले. "बऱ्याच जणी नेतात, ताई." रात्री लावले. तिसऱ्या दिवशी ठणका गेला, आठव्या दिवशी तोंड नितळ, वर उजळही. अहो, मला आरशापुढून हलवेना! चैत्रगौरीला मी नव्या साडीत आले होते, तुमच्यापैकी कित्येकींनी विचारले की काय लावता? मी काय लावते ते मी हौसेने सांगितले. नुसते सांगितले नाही, मंडळातल्या दोघींना दुकानातून नळ्या आणून दिल्या. त्या दोघींना विचारूनच हे आज सांगते आहे. त्या इथे बसल्या आहेत. तिसरी माझी भाची, बहिणीची मुलगी. तिला स्थळे पाहत होते. तिच्या गालावर चारच मुरुमे होती. मी तिच्या हातात नळी ठेवली आणि म्हणाले, "रोज लाव, रंगही खुलेल."

चार महिन्यांनी माझे गाल लाल राहू लागले. गॅसपाशी पोळ्या करायला उभी राहिले की तोंडाची आग होई. गालावर बारीक लव वाढली. एक रात्र मलम चुकले की सकाळी तोंड सुजल्यासारखे, म्हणून पुन्हा लावायचे. मग एकसारख्या बारीक लाल पुटकुळ्या कपाळापासून गळ्यापर्यंत उठल्या. त्याच सुमारास रात्री दहाला बहिणीचा फोन आला. तिच्या मुलीचेही तेच झाले होते आणि पाहुणे चार दिवसांवर आले होते. बहीण रागावली नाही. "तू काय दिलंस तिला?" एवढेच विचारले. मला उत्तर देता आले नाही, कारण मी काय दिले ते मलाच ठाऊक नव्हते. नळीवरची बारीक इंग्रजी अक्षरे मी कधी वाचलीच नव्हती.

मिरजेला बाह्यरुग्ण विभागात दोन तास रांगेत बसून नंबर आला. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, "कोणती नळी लावता?" मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती उलटी करून वाचली आणि नुसती टेबलावर ठेवली. तीत तीन औषधे होती आणि त्यांतले एक स्टेरॉईड होते. स्टेरॉईड सूज आणि लाली चटकन दाबते, म्हणून पहिले आठ दिवस जादू वाटते. पण महिनोन्‌महिने तोंडावर लावले तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि त्या मलमाचीच निराळी पुरळ उठते. सोडले की आग होते, म्हणून माणूस सोडत नाही. त्या म्हणाल्या, माझ्यासारख्या कितीतरी बायका त्यांच्याकडे येतात, आणि पुरुषही. २०१८ साली सरकारने तोंडावर लावायची अशी अनेक स्टेरॉईड मलमे परिशिष्ट 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. कायदा झाला तरी गिऱ्हाईक मागते आणि दुकानदार देतो. मागणाऱ्यांत मी होते, हे मला विसरता येत नाही.

आणि मूळचे मुरूम? ते का आले, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखविले. कातडीत केसाच्या मुळाशी तेलाच्या बारीक पिशव्या असतात. तेल छिद्रातून वर येते. छिद्राच्या तोंडाशी मेलेली कातडी साचली की ते तुंबते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. आपल्या मोरीची नळी केस आणि ओशटपणाने तुंबते, तसेच. म्हणून वरून कितीही घासले तरी आतली नळी मोकळी होत नाही. उलट घासण्याने सूज वाढते. बाईच्या शरीरात स्त्रीची संप्रेरके असतात, तशी थोडी पुरुषी संप्रेरकेही असतात. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत स्त्रीसंप्रेरके वरखाली होत होत कमी होतात. पुरुषी त्या मानाने तशी एकदम उतरत नाहीत, त्यामुळे त्यांचा जोर वाढल्यासारखा होतो. तेलाच्या पिशव्या त्यांचे ऐकतात. म्हणून या वयात मुरुमे हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला येतात आणि पाळीच्या आधी वाढतात. मी विचारले, "म्हणजे पोट साफ नसल्याने नाही?" त्या हसल्या. एरंडेल तेव्हापासून बंद आहे. जाऊबाईंना अजून पटलेले नाही.

माझ्या माहेरी एक वैद्यकाका होते. ते सांगत की सुश्रुतांनी या पुटकुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. सावरीचे खोड ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती पटेल. पण ग्रंथात ती तरुणांची व्याधी म्हणून सांगितली आहे, म्हणून वैद्यकाकांनीही मला कधी सांगितले नाही की पन्नाशीच्या उंबऱ्यावर ती पुन्हा दार ठोठावते.

बाईंनी पाळीविषयी खोलात विचारले: नियमित येते का, हनुवटीवर राठ केस आले का, डोक्याचे केस गळतात का, वजन एकदम वाढले का. तसे असेल तर रक्त तपासावे लागते. दुसऱ्या कशाच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारले, कारण क्षयाच्या आणि फेफऱ्याच्या काही औषधांनीही अशी पुरळ येते. आपण डॉक्टरकडे जाताना घरातल्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत हे मी तिथे शिकले.

औषधाचे थोडक्यात सांगते, कारण माझे औषध ते तुमचे नव्हे, हाच धडा मी पैसे देऊन घेतला आहे. मलम त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंद केले. पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. तोंड भाजल्यासारखे होई, गार पाण्याच्या घड्या ठेवून मी झोपत असे. साधा सौम्य साबण, सुवास नसलेले ओलावा राखणारे मलम, आणि काही आठवडे गोळ्या. त्या गोळ्या जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवे व्हायचे नाही, नाहीतर घशात जळते. कातडी शांत झाल्यावर रात्री लावायला ॲडापॅलीन नावाचे औषध दिले. साऱ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढे, मुरुमावर ठिपका नव्हे. आधी कातडी कोरडी पडून सोलते, तेव्हा घाबरून सोडू नये. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. दिवस राहण्याचा संभव असेल तर ते लावू नये, आणि चाळिशीतही दिवस राहतात बरे का!

सकाळचे औषध बेंझॉइल पेरॉक्साइड. त्याची एक गंमत सांगते. माझ्या निळ्या पंचावर पांढरे ठिपके पडू लागले, मग उशीच्या अभ्य्रावर, मग चांगल्या जांभळ्या पोलक्याच्या गळ्यावर. मी धुणेवालीवर संशय घेतला. ती बिचारी ब्लीच टाकत नाही म्हणून शपथा घेत होती. शेवटी बाईंना विचारले तेव्हा कळले, हे औषधच रंग खाते. धुणेवालीला मी साडीचोळी केली. तोंड पुसायला आता पांढरा पंचा वापरते.

आणखी दोन औषधांची नावे कानावर घालते, कारण ती मैत्रिणींकडून मागून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एक आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. गर्भार बाईने घेतल्या तर मुलात गंभीर व्यंग होऊ शकते. त्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय पोटात जाता कामा नयेत. दुसरी स्पायरोनोलॅक्टोन, मूळची लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी. ती काही बायकांना या वयाच्या मुरुमांवर देतात, पण तीही तपासून.

घरातल्या सवयींत मी तीन गोष्टी बदलल्या. डोक्याला तेल थापून झोपत असे, ते कपाळावर उतरे. आता न्हाण्याआधी तासभरच लावते. तोंडाला खोबरेल लावणे बंद. आणि गच्चीवर पापड घालताना पदर डोक्यावरून ओढून, तोंडाला उन्हाचे मलम लावून जाते, कारण आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम गेल्यावर जो काळा डाग राहतो तो उन्हाने लवकर जात नाही. भजी मात्र सोडली नाहीत. गोड कमी केले, तेही मधुमेहाच्या भीतीने.

सात महिने लागले. आजही पाळीआधी एखादा येतो. येऊ दे.

मंडळातल्या दोघींना मी स्वतः मिरजेला घेऊन गेले. एकीचे लवकर निवळले, दुसरीचे गाल अजून उन्हात लाल होतात. भाचीचे ते स्थळ गेले. आता तिचे तोंड पुष्कळ बरे आहे, एका चांगल्या डॉक्टरांकडे वर्षभर जाते. दिवाळीला घरी आली, वाकून नमस्कार केला, "मावशी, कशी आहेस?" म्हणाली. मी आशीर्वाद दिला, पण मान वर करून तिच्या गालाकडे पाहण्याचे धाडस मला झाले नाही. मी तिची क्षमा अजून नीट शब्दांत मागितलेली नाही. आज तुमच्यापुढे बोलता आले, तेव्हा कदाचित तिच्यापुढेही बोलता येईल.

आता कामाचे. मागच्या फळ्यावर चिटणीसबाईंनी मराठी अक्षरांत काही नावे लिहून ठेवली आहेत: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन. ही वाईट औषधे नव्हेत. इसबावर डॉक्टर देतात तेव्हा गुण येतो. पण मुरुमांवर किंवा रंग उजळायला म्हणून ती आपल्या कपाटात असतील तर ती कशी आली याचा विचार करा. नळीच्या खोक्यावर कोपऱ्यात 'आरएक्स' अशी खूण असेल तर ते चिठ्ठीचे औषध समजा. आणि पुष्कळ दिवस लावत असाल तर आज घरी जाऊन ती केरात टाकू नका. एकदम सोडल्याने माझ्यासारखे भडकते. आधी दाखवा.

पुढच्या बुधवारी भजन लवकर संपणार आहे. ज्यांच्या घरी तोंडाला लावायच्या नळ्या असतील त्यांनी त्या पिशवीत घालून आणाव्यात, लेकीसुनांच्याही आणाव्यात. माझा पुतण्या भिंग घेऊन येईल, अक्षरे फार बारीक असतात. मी चहा ठेवते.