डिझेलच्या नळींतील हवा

रुडॉल्फ डिझेलनें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाला ठिणगी लागत नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंत तेल शिरतांच तें पेटतें. तें शिरण्यास मोठा दाब हवा. तेल जवळजवळ दबत नाहीं, हवा दबते. म्हणून नळींत बुडबुडा असला कीं पंपाचे श्रम त्यालाच दाबण्यांत संपतात. ‘गाडीनें एअर घेतली’ म्हणतात तें हेंच.

टाकीकडून पंपाकडे येणारी नळी तेल शोषून आणते. तिला बारीक चीर पडली तर पुष्कळदां तेल गळत नाहीं, हवा मात्र आंत जाते. तेव्हां कोरडी नळी निर्दोष समजूं नये. तिच्या जागीं बागेंतील रबरी नळी बसविणें ही खोटी काटकसर होय. डिझेलनें ती फुगते.

जुन्या धाटणीच्या इंजिनांत गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. प्रथम फेंस येतो, मग अखंड धार लागते. ती वाहत असतांनाच स्क्रू आवळावा. पुढें इंजेक्शन-पंपाशींही तसेंच करावें.

१९९७ पासून मोटारींत आलेल्या कॉमन-रेल इंजिनांत मात्र नोझलकडील नळ्या सैल करूं नयेत. तेथें दाब हजार बारच्याही वर जातो आणि फवारा कातडी भेदतो. जखम टांचणीच्या टोंकाएवढी दिसते, दुखतही नाहीं. तरी तत्काळ शस्त्रवैद्याकडे जावें, एरवीं बोट गमावण्याची पाळी येते.