फोन बोलतो, दवाखान्याचं पान बोलत नाही

आम्ही तुमच्यासारख्याच एका बचत गटातल्या बाया. बोलायला दोघीच आलोय, पण सांगणं सगळ्या गटाचं आहे. जिच्यामुळं हे सगळं सुरू झालं ती आमची ताई इथं शेजारीच बसली आहे. काय बोलणार ते तिनं आधी ऐकून घेतलं, दोन वाक्यं काढायला लावली, मग हो म्हणाली. तिचं नाव सांगायचं नाही असं ठरलंय.

ताईला जन्मापासून दिसत नाही. गटाचा हिशेब मात्र तिला तोंडपाठ. कुणाचा हप्ता राहिलाय ते आम्ही वही उघडायच्या आत ती सांगते. आणि फोन तर आमच्यापेक्षा झरझर चालवते. तिच्या फोनात टॉकबॅक नावाची सोय चालू असते. ती साध्या अँड्रॉइड फोनात आधीपासूनच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. पडद्यावर बोट ठेवलं की तिथं काय लिहिलंय ते फोन मराठीत वाचून दाखवतो. एकदा टेकवलं की सांगतो, दोनदा टेकवलं की उघडतो. गटाचे मेसेज, कांद्याचा भाव, खात्यावरची शिल्लक, सगळं ती कानात इअरफोन घालून ऐकते. कुणाला पत्ता लागत नाही.

मागच्या वर्षी तिला पाळीचा त्रास सुरू झाला. महिन्यातून दोन-दोनदा अंगावरून जायचं. आमच्या तालुक्याला बाई डॉक्टर नाही. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दवाखान्यात आहेत, पण तिथं नंबर वेबसाइटवरूनच लावायचा. फोन केला की तिकडून उत्तर येतं, ऑनलाइन फॉर्म भरा. ताई म्हणाली, भरते की, त्यात काय.

आणि तिथंच ती अडली. पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं तर फोन म्हणाला, "एडिट बॉक्स". दुसऱ्यावर ठेवलं, परत "एडिट बॉक्स". नाव कुठं लिहायचं आणि वय कुठं, काहीच कळेना. बघणाऱ्याला रकान्याशेजारी 'नाव' असं छापलेलं दिसतं. पण तो शब्द त्या रकान्याचा आहे, हे पान तयार करणाऱ्यानं आतून जोडलंच नव्हतं, मग फोन तरी काय वाचणार? खाली बटण, त्यालाही नाव नाही. कोणते डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते रंगीत चित्रात लिहिलेलं. फोन म्हणाला, "चित्र". एवढ्यातून वाट काढली तर शेवटी ती वाकडी-तिकडी अक्षरं आली, 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणणारी. ती ऐकवायची सोय नव्हती.

मग तिनं पुतण्याला हाक मारली. पुतण्या चौदा वर्षांचा. तो मोठ्यानं वाचत गेला. शेवटची पाळी कधी आली? रक्तस्राव किती दिवस असतो? ओसरीवर सासरे बसलेले. ताई म्हणाली, ते राहू दे, पोट दुखतं एवढंच लिही. लिहिलं पोटदुखी, तर नंबर लागला पोटाच्या डॉक्टरांकडं! एसटीचं भाडं गेलं, रोज बुडाला, आणि हात हलवत परत आली. त्यानंतर तीन महिने ती कुणाला काही बोलली नाही. उपकेंद्रावर रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर आलेलं होतं. जिना चढताना धाप लागायची, ती म्हणायची ऊन फार आहे.

आम्ही तिच्यावर रागावलो. आमच्यातली कुणीही फॉर्म भरून दिला असता, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही आधी तुमचं सगळं मला सांगून मग डॉक्टरकडं जाता का?" आम्ही गप्प.

पुढचा नंबर आम्ही तिथं जाऊन लावला, उपचार सुरू झाले, आता ती बरी आहे. पण तिच्या त्या प्रश्नानं आमची झोप उडवली होती. पाचजणी दवाखान्याच्या व्यवस्थापकांना भेटायला गेलो. माणूस भला. म्हणाले, आमच्याकडं व्हीलचेअर आहे, उतरण आहे, दिव्यांगांची सगळी सोय आहे. वेबसाइटलासुद्धा उतरण लागते हे त्यांना नवीन होतं. खरं तर आम्हालाही नवीनच होतं. त्यांनी वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला बोलावलं. ताईनं त्याच्या हातात आपला फोन दिला आणि म्हणाली, डोळे मिट आणि नंबर लावून दाखव. वीस मिनिटं तो झटत होता. आम्ही चहा पिऊन घेतला.

एक गंमत त्यानंच आम्हाला समजावून सांगितली. सूचनांचं एक पान होतं. उपाशीपोटी या, जुने कागद आणा, असं स्वच्छ मराठीत दिसत होतं. पण फोन ते वाचायला लागला की इंग्रजी अक्षरांची काहीतरी भेळ ऐकू यायची. आम्हाला वाटलं फोनच बिघडला. तर ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात तिथं इंग्रजीचंच एखादं अक्षर असतं. डोळ्याला फसवता येतं, फोनला नाही. तेच युनिकोडमध्ये टाइप केलं की फोन 'क'ला 'क' म्हणतो. आपल्या बाजूची कितीतरी मराठी पत्रकं अजून अशीच आहेत. नाहीतर कागदाचा फोटो काढून चढवलेली असतात, आणि फोटो म्हणजे फोनच्या लेखी नुसतं चित्र. तुमच्या गटाचं पत्रक कशात टाइप झालंय तेही एकदा विचारा. आमचं जुन्याच फॉन्टमध्ये निघालं, म्हणजे ताईला इतकी वर्षं ते आम्ही वाचून दाखवत होतो.

त्या मुलानं दोन दिवसांत रकान्यांना नावं जोडली, बटणांना नावं दिली, डॉक्टरांच्या वेळा अक्षरांत लिहिल्या. वाकडी अक्षरं काढून मोबाइलवर ओटीपी पाठवायची सोय केली. ओटीपी टाकायला आधी जेमतेम अर्धा मिनिट मिळायचं, आकडे ऐकून टाकेपर्यंत वेळ संपायचा, तीही मुदत वाढवून घेतली. मग आमच्यातल्या बाकीच्यांनाही धीर आला. आमच्या एका सखीच्या दिराला ऐकू येत नाही. नंबर पक्का करायला दवाखान्यातून फोन यायचा, तो उचलला जायचा नाही आणि नंबर रद्द व्हायचा. आता मेसेज येतो. मोतीबिंदू असलेल्या आत्याबाई म्हणाल्या, पांढऱ्यावर राखाडी अक्षरं कशाला, काळी करा, आणि दोन बोटांनी पान मोठं होऊ द्या. लिफ्ट कोणत्या दारानं आहे, रुंद दाराचं संडास कोणत्या मजल्यावर आहे, हेही पानावर आलं. तिथं जाऊन कळण्यापेक्षा घरून निघतानाच कळलेलं बरं.

एवढं मागायचा आपल्याला हक्क आहे का, अशी शंका कुणाच्या मनात असेल तर ऐका. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. सरकारी असो की खाजगी, दवाखान्याच्या सगळ्या भागांत विनाअडथळा जाता आलं पाहिजे असं तो सांगतो. माहिती सगळ्यांना घेता येईल अशा रूपात असावी, हेही त्यात आहे. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मोबाइल-संगणकावरच्या सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला कुणी लढवला ठाऊक आहे? त्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बाया होत्या. बँकेचं केवायसी करताना मोबाइल त्यांना डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचा, आणि जखमांमुळं त्यांना ती करता येत नव्हती. अंध माणसाची अशीच दुसरी याचिका त्यासोबतच ऐकली गेली. दवाखान्यानं ऐकलंच नाही, तर आपल्या राज्यात पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथं लेखी तक्रार करता येते. आमच्यावर ती वेळ आली नाही.

तुम्हाला तुमच्याकडचं पान तपासायचं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक. पण चालू करायच्या आधी बंद कसं करायचं ते शिकून घ्या! टॉकबॅक चालू असताना एक बोट फिरवून पान सरकत नाही, दोन बोटं लागतात. बंद करायला आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरायची. आमच्यातल्या एकीनं हे न शिकताच चालू केलं आणि तिचा फोन अख्ख्या एसटीत घरापर्यंत बडबडत आला. आणि तपासताना ज्याला खरंच दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यालाच शेजारी बसवा. आपण डोळे मिटले तरी पान आपल्याला आठवत असतं.

सगळं झालंय असं मात्र नाही. नंबर ताई आता आपला आपण लावते, पाळीचे प्रश्नही स्वतःच भरते, इअरफोन घालून. पण तपासणीचा रिपोर्ट अजून फोटोच येतो. मागच्या खेपेला तिचा सोनोग्राफीचा रिपोर्ट परत कुणीतरी वाचून दाखवायला लागला. दवाखाना म्हणतो, ते सोनोग्राफी केंद्राचं काम आहे, आमच्या हातात नाही. तर येत्या सोमवारी बाजार उरकला की आम्ही त्या केंद्रावर जाणार आहोत. ताई आहेच. आणखी कुणाला यायचं असेल तर अकराच्या एसटीला स्टँडवर या.