स्पंदन

न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूवर तेल घालताना आजीच्या बोटांना जी मंद हालचाल जाणवते, तिला घरात कोणी स्पंदन म्हणत नाही. गळू ठणकते, रागाने कपाळाची शीर उडते, भयाने छाती धडधडते, आणि शुभाशुभाची चाहूल लागावयाची असली की डोळा लवतो. एवढे घरचे शब्द हाताशी असताना हा संस्कृत पाहुणा मराठीने कशासाठी ठेवून घेतला?

उत्तर त्याच्या धातूत आहे. धातुपाठात ‘स्पंद्’ या धातूचा अर्थ किंचित हलणे असा दिला आहे, आणि त्या ‘किंचित’मध्येच शब्दाचे सारे मोल साठले आहे. धडधड ऐकू येते, ठणका झोपू देत नाही. स्पंदन मात्र शोधावे लागते. वैद्य मनगटावर तीन बोटे टेकून ते शोधतो. शार्ङ्गधराने नाडी सांगताना वातासाठी सर्पाची, पित्तासाठी बेडकाची आणि कफासाठी हंसाची गती योजिली. ठोके किती, यापेक्षा ती चालते कशी, हे त्याला महत्त्वाचे वाटले. मग एखाद्या रात्री वैद्य बोटे तशीच ठेवून थांबतो, पुन्हा चाचपतो, आणि उशाशी बसलेली माणसे त्याच्या तोंडाकडे पाहत राहतात. ‘निःस्पंद’ या शब्दाचा अर्थ त्या वेळी कोशात पाहावा लागत नाही.

काश्मीरच्या शैवांनी हा शब्द थेट परतत्त्वास लावला. शिव अचल, तर जग हलते कसे? नवव्या शतकातील वसुगुप्ताच्या परंपरेने उत्तर दिले, स्पंदाने: स्थान न सोडता होणाऱ्या चैतन्याच्या स्फुरणाने.

१९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून सुमारे १.३४ सेकंदांच्या नियमित अंतराने येणारे रेडिओ-स्पंद आढळले. अशा ताऱ्यांना मराठीत स्पंदक म्हणतात. वस्तुतः तारा स्पंदन पावत नाही. तो स्वतःभोवती फिरतो आणि दीपगृहाप्रमाणे त्याचा झोत आपल्यावरून जातो. तरीही नाव शोभते, कारण ते संदेश अतिशय क्षीण असतात. नारायणगावजवळ खोडद येथे ते टिपण्यासाठी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या लागतात.

वृत्तपत्रांतून मात्र हजारोंच्या घोषणांनाही ‘समाजमनाची स्पंदने’ म्हटले जाते. त्यासाठी मराठीत खळबळ हा चांगला शब्द आहे.