औषधाची चिठ्ठी आणि घराचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत असोदा येथे केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



बहिणाबाईंच्या या माहेरगावी, संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात, मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी वैद्य नाही की विधिज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढचे सारे आयुष्य कापडाच्या दुकानातील गादीवर, जमाखर्चाच्या वहीसमोर गेले. म्हणूनच आजाराचा विचारही मी जमाखर्चाच्या अंगाने मांडणार आहे. महागड्या औषधांसाठी आर्थिक साहाय्य कोठून आणि कसे मिळते, हा आजचा विषय आहे.

आपल्या चार दानांत आहार, शास्त्र आणि अभय यांच्या पंक्तीला औषधदान आहे. पूर्वजांनी हे स्थान दिले तेव्हा औषध म्हणजे काढा, चूर्ण, लेप असे होते. आज कर्करोगाच्या एका गोळीची किंमत शेतमजुराच्या अनेक दिवसांच्या मजुरीएवढी असू शकते. दानाचे तत्त्व तेच राहिले, तरी दान करण्याची रीत मात्र आपण नव्याने शिकली पाहिजे.

दुकानात बसलेल्या माणसाला गावाची नाडी कळते. लग्नाचा बस्ता बांधायला येणारे कुटुंब एखाद्या वर्षी येत नाही, आणि मागाहून कळते की घरात मोठे आजारपण आले. प्रथम साठवलेले पैसे जातात, मग सोने, मग बांधावरचा तुकडा. सर्व संपल्यावर कोणीतरी म्हणते, "अहो, यासाठी तर शासनाची योजना होती." याहून चिंतेची गोष्ट म्हणजे औषध गुपचूप कमी करणे. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी एकदाच घेतली जाते, रोजची दिवसाआड होते. घरातील स्त्री तर पतीचे औषध चालू राहावे म्हणून स्वतःचे बंद करते आणि कोणाला सांगतही नाही. डॉक्टरांना वाटते की औषध लागू पडत नाही. वास्तविक ते पोटात गेलेलेच नसते.

म्हणून माझे पहिले निवेदन असे की साहाय्य शोधण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पैसे संपल्यावर शोध सुरू न करता, चिठ्ठी हातात पडली त्याच दिवशी तो सुरू करावा. कारण बहुतेक साहाय्य पुढील उपचारांसाठी मिळते, भरून झालेले बिल परत मिळत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचेच उदाहरण घ्या. त्याची रक्कम रुग्णालयाकडे जमा होते; रुग्ण बिल भरून घरी आल्यावर प्रतिपूर्ती मिळत नाही.

आता हा क्रम थोडक्यात विशद करतो.

प्रथम पायरी डॉक्टरांपुढचीच आहे. संकोच न करता विचारावे, "साहेब, हेच औषध जेनेरिक स्वरूपात मिळेल काय? एवढा खर्च आम्हाला दरमहा झेपणार नाही." आपल्याकडे हे बोलायला लाज वाटते. परंतु खर्च झेपत नाही हे डॉक्टरांना कळले नाही, तर ते पर्याय तरी कसा सुचवणार? कापडातील उदाहरण देतो. एकाच गिरणीतून निघालेले दोन ताके असतात. एकाच्या काठावर प्रसिद्ध छाप असते, दुसऱ्याच्या नसते. सूत तेच, वीण तीच, भाव मात्र वेगळा. औषधातही मूळ घटक आणि त्याचे प्रमाण तेच असून नाममुद्रेमुळे किमतीत मोठी तफावत पडते. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची देशात आता 15,000 हून अधिक केंद्रे आहेत. तेथील औषधे नामांकित छापाच्या औषधांपेक्षा बहुधा निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मात्र बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

द्वितीय पायरी म्हणजे ज्या रोगांचे औषध शासन मोफतच देते, त्यासाठी पैसे न घालवणे. क्षयरोगाची औषधे मोफत आहेत. एचआयव्हीवरील औषधे 2004 पासून, तर हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगावरील औषधे 2018 च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा निःशुल्क करण्यात आल्या आहेत. सरकारी दवाखान्यात जाणे कमीपणाचे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी वर्षाच्या गोळ्यांची बेरीज एकदा मांडून पाहावी.

तृतीय पायरी आरोग्य योजनेची. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात राज्याच्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात आपल्या खान्देशातील धुळे होते. पुढच्या वर्षी ती सर्व राज्यात पोहोचली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली आणि संरक्षण कुटुंबामागे वार्षिक 5 लाख रुपये झाले. पांढरे रेशनकार्ड आहे म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, हा समज आता सोडला पाहिजे. योजनेत समाविष्ट रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो; दाखल होण्यापूर्वी त्याला भेटावे. केमोथेरपीसारखे उपचार यात येतात. परंतु घरी आल्यावर थोडे दिवस सोडले, तर महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्यांचा भार कुटुंबावरच पडतो. ही उणीव लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

चतुर्थ पायरी धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. त्यासाठी एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वार्षिक 1 लाख 80 हजार, तर दुर्बल घटकांसाठी 3 लाख 60 हजार रुपये आहे. या योजनेत औषधाचा हिशेब छापील किमतीने न होता रुग्णालयाच्या खरेदीच्या किमतीने होतो. ठोक आणि किरकोळ यांतले अंतर आम्हा व्यापाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही! ही सवलत मागावी लागते, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच जवळ असावा लागतो.

पंचम पायरी निधींची. मुख्यमंत्री सहायता निधीचे कक्ष 2025 पासून जिल्हास्तरावरही सुरू झाल्याने आपल्या माणसाला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवण्याचे कारण उरले नाही. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्ण शासकीय रुग्णालयात उपचार घेत असेल, तर राष्ट्रीय आरोग्य निधी आहे. परळच्या टाटा रुग्णालयात आपल्या भागातून रात्रीच्या गाडीने जाणारे रुग्ण पुष्कळ आहेत. तेथे गेल्यावर तपासणीच्या रांगेइतकेच महत्त्व समाजसेवा विभागाच्या भेटीला द्यावे. काही औषध कंपन्या स्वतःही रुग्ण-साहाय्य कार्यक्रम चालवतात. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक हे औषध अशा कार्यक्रमातून भारतातील हजारो रुग्णांना विनामूल्य मिळाले. अशा ठिकाणी नोंदणी डॉक्टरांमार्फतच होते, म्हणून विचारायचे तेही डॉक्टरांनाच.

बंधूंनो, औषधाची किंमत ही काही ब्रह्मलिखित नव्हे. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील नेक्सावर या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजार रुपये होता. मार्च 2012 मध्ये पेटंट नियंत्रकांनी एका भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि तोच खर्च 9 हजारांच्या आत आला. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिवेकच्या पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त पर्यायाचा मार्ग मोकळा राहिला. 2019 साली 42 कर्करोग औषधांवरील व्यापारी नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, तर 33 जीवनरक्षक औषधांवरील कर शून्य झाला. तेव्हा पक्के बिल घ्या आणि ते वाचा. साडी घेताना आपण चार दुकाने पाहतो. औषध घेताना दोन तरी पाहावीत.

आता त्या राहिलेल्या उणिवेकडे वळतो. 2021 साली मुंबईतील एका तान्ह्या बालिकेच्या 16 कोटी रुपयांच्या इंजेक्शनसाठी लोकांनी वर्गणी जमवली आणि केंद्र शासनाने कोट्यवधींचा कर माफ केला. समाजाच्या औदार्याचे ते उज्ज्वल उदाहरण आहे. परंतु महिना दोन-तीन हजारांच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या विधवेसाठी वर्तमानपत्रात आवाहन निघत नाही. तिची गरज लहान आहे, म्हणून ती कोणाला दिसत नाही. आणि ती संपत नाही, म्हणून नातलगही थकतात. माझ्या मते आपल्या ट्रस्टचे खरे कार्यक्षेत्र हेच आहे.

यासाठी तीन सूचना मी नम्रपणे विश्वस्तांपुढे ठेवतो.

पहिली, साहाय्य कक्षाची. गावातील दोन सुशिक्षित तरुण-तरुणींनी आठवड्यातून दोन दिवस बसावे. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, तपासण्यांचे अहवाल, खर्चाचे अंदाजपत्रक यांची एक फाईल रुग्णासाठी तयार करून द्यावी आणि अर्ज भरून त्याचा पाठपुरावा करावा. पैशाइतकेच हेही दान आहे.

दुसरी, पहिल्या महिन्याच्या निधीची. कागद फिरतात तोवर औषध थांबता कामा नये. तेवढ्या काळाचा खर्च ट्रस्टने द्यावा, आणि तो रोखीने न देता चिठ्ठी पाहून थेट औषध विक्रेत्याला द्यावा. पर्यायी स्वस्त औषध मिळते का, हेही डॉक्टरांना विचारून आधी पाहावे. समजा, 4,000 रुपयांच्या गोळ्यांना 1,000 रुपयांचा पर्याय मिळाला, तर त्याच पैशात चौघांचे औषध होईल. इतर कुठूनही साहाय्य न मिळणाऱ्यांना त्यानंतरही दरमहा आधार द्यावा.

तिसरी सूचना थोडी स्पष्ट आहे, क्षमा असावी. देणाऱ्याचा सत्कार अवश्य व्हावा, त्याचे छायाचित्रही छापावे. पण घेणाऱ्याला व्यासपीठावर बोलावू नये. आजाराचे नाव आणि गरजेची कथा चारचौघांत वाचली जाणार असेल, तर स्वाभिमानी माणूस मदत मागण्याऐवजी गोळी बंद करणे पत्करतो. त्याचे नाव वहीत राहावे आणि वही कपाटात राहावी.

पन्नास वर्षांत या संस्थेने जे मिळवले, त्याचा ताळेबंद या स्मरणिकेत आपण वाचालच. पुढच्या वर्षीच्या ताळेबंदात आणखी एक ओळ असावी अशी माझी इच्छा आहे. पैशाअभावी या गावात किती जणांचे औषध थांबले, याची ती नोंद असेल, आणि तिच्यापुढे शून्य लिहिलेले असावे. व्यापाऱ्याला शून्य आवडत नाही, पण हे शून्य मला सर्व नफ्याहून प्रिय वाटेल.