बोधगयेचे दर्शन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हे. डोळ्यांनी पाहिले तेवढे सांगते.

सासूबाईंच्या पिंडदानासाठी आम्ही उभयता गयेस गेलो होतो. तेथील विष्णुपद मंदिर आपल्या अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधविले. कार्य उरकून आम्ही सुमारे १२ किलोमीटरांवरील बोधगयेस गेलो. घरून निघताना शेजारच्या आजींनी माझा हात धरून सांगितले होते, "पोरी, मला बोधिवृक्षाचे एक पान आण." १९५६ साली नागपुरास धम्मदीक्षा झाली, तेव्हा या आजी वडिलांच्या खांद्यावर बसून गेल्या होत्या. बोधगया पाहावी हे तेव्हापासून त्यांच्या मनात. आधी गाठीला पैसा नव्हता, आता गुडघे साथ देत नाहीत.

महाबोधी मंदिर विटांचे, दीडशे फुटांहून उंच, वर निमुळते होत गेलेले. २००२ साली ते जागतिक वारसास्थान ठरले. आत भूमीला हात लावून बसलेल्या भगवान बुद्धांची सोनेरी मूर्ती आहे. मंदिरामागे, पश्चिमेस, तो पिंपळ आणि त्याखाली वज्रासन. कोणी तिबेटी भिक्षू फळीवर साष्टांग नमस्कार घालीत होते, कोणी सिंहली यात्रेकरू पांढऱ्या वस्त्रांत बसले होते. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण गडबड कोणाची नव्हती. गावात थायलंड, जपान, भूतान अशा देशांची आपापल्या धाटणीची मंदिरे आहेत, आणि १९८९ साली उभारलेली ८० फुटी बुद्धमूर्तीही.

भगिनींनो, मला तेथे दोन बायका आठवल्या. निरंजना नदीपलीकडे सुजातेचे गाव आहे. कडक उपासतापासाने सिद्धार्थाचा देह झिजला होता, तेव्हा या बाईने खिरीची वाटी पुढे केली. अन्न पोटात गेले, मग ध्यान लागले. आपण रोज रांधतो, त्याला कमी लेखू नका.

दुसरी सम्राट अशोकाची लेक संघमित्रा. तिने या वृक्षाची फांदी समुद्रापार सिंहलद्वीपी अनुराधपूरला नेली. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ साली वादळात पडला. आज उभा आहे तो त्याच जागी पुन्हा लावलेला. अनुराधपूरचा वृक्ष मात्र टिकला, आणि त्याच्याच फांद्या पुढे नागपूरच्या दीक्षाभूमीवर लागल्या. एका लेकीने नेलेले झाड दोन हजार वर्षांनी आपल्या दारी आले!

वृक्षाचे पान तोडू देत नाहीत. गळालेले वेचावे लागते. मी अर्धा तास बसले तेव्हा एक पडले. घरी येऊन ते आजींच्या हाती दिले. त्यांनी ते डोळ्यांना लावले, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आता एकदा सावलीत बसायचे राहिले."

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. हळदीकुंकवाच्या खर्चाला थोडी कात्री लावावी, दरमहा प्रत्येकीने शंभर रुपये बाजूला टाकावे, आणि थंडीच्या दिवसांत सहल बोधगयेस न्यावी. मुंबईहून हावड्याकडे जाणारी मेल गयेवरून जाते. ज्या वडीलधाऱ्या बायका एकट्या जाऊ शकत नाहीत, त्यांचा हात धरायला आपण आहोतच. कोणाचा देव कोणता, हे गाडीत बसताना विचारू नये. पहिल्या महिन्याचे शंभर रुपये मी आजच चिटणीसबाईंकडे देत आहे.