पथ्य म्हणजे उपासमार नव्हे

(वर्षावासानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय आहे मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील आहार आणि अंगाची झीज. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. वैद्यकशास्त्र आमचा प्रांत नव्हे. परंतु आपल्या वस्त्यांतून किडनीचे रुग्ण वाढताना दिसतात आणि त्यांच्या घरी पथ्याच्या नावाखाली जे चालते, ते पाहून गप्प बसवत नाही. म्हणून जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडतो.

किडनी बिघडण्याची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. खुद्द बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते, हे आपण जाणतोच. किडनीचे काम रक्तातील टाकाऊ द्रव्ये, जादा पाणी आणि क्षार बाहेर टाकण्याचे. प्रथिने पचल्यावर युरिया तयार होतो. किडनी थकली की तो रक्तात साठतो. यावरून घरची मंडळी सरळ हिशेब करतात : प्रथिने वाईट, तेव्हा डाळ बंद, अंडे बंद, मासळी बंद, दूध बंद. उरते काय? पेज आणि दुधीची भाजी.

या समजुतीला इतिहास आहे. नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम किडनीवर पहिला रुग्ण घेतला. वारंवार डायलिसिस करणे मात्र १९६० साली अमेरिकेत सिएटल येथे डॉ. स्क्रिब्नर यांनी नळीची युक्ती काढल्यानंतरच शक्य झाले. त्यानंतरही कित्येक वर्षे फार थोड्यांना ही सोय मिळे. बाकीच्यांसाठी आहार हेच औषध होते. १९६३-६४ साली इटलीत जिओर्दानो आणि जिओव्हानेट्टी यांनी दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनांचा आहार सुचवला. त्याने उलट्या, मळमळ कमी होई. पण तोही मोजूनमापून, अंड्यासारखी उत्तम प्रथिने निवडून आणि पोटभर उष्मांक देऊन आखलेला होता. आपल्याकडे त्यातली मोजणी गळाली आणि 'बंद' एवढा शब्द तेवढा उरला.

आता रुग्णाच्या शरीरात काय होते ते पाहू. किडनीच्या विकारात स्नायू अनेक वाटांनी झिजतात. तोंडाची चव जाते, भूक मरते. रक्तात आम्ल साठते व ते स्नायूंतील प्रथिने मोडू लागते. शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो. हीमोडायलिसिसच्या प्रत्येक वेळी ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले रक्तातून निघून जातात. थकव्याने माणूस अंथरूण धरतो आणि न वापरलेले स्नायू आणखी आटतात. त्यात जेवणही तोडले तर शरीराने जगावे कशावर? चुलीला सरपण मिळाले नाही की माणूस घराचे वासे ओढून जाळतो, तसे शरीर आपलेच स्नायू जाळते. या अवस्थेला तज्ज्ञांनी २००८ साली प्रथिन-ऊर्जा क्षय अशा अर्थाचे नाव दिले. अशा रुग्णाला जंतुसंसर्ग लवकर गाठतो, तो पडतो, वारंवार रुग्णालयात जातो, आणि त्याचे आयुष्यही कमी होते.

ही झीज लपून राहते. त्याची दोन कारणे आहेत. एक, अंगावर सूज असेल तर स्नायू गेले तरी काटा तेच वजन दाखवतो. गेलेल्या मांसाची जागा पाण्याने भरलेली असते. दुसरे, रक्तातील क्रिएटिनिन हे स्नायूंतूनच येते. स्नायू घटले की क्रिएटिनिनचा आकडाही उतरतो आणि किडनी सुधारल्याचा भास होतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त कामगार होते. सहा महिने केवळ पेज आणि भाजीवर राहिले. क्रिएटिनिन थोडे उतरले म्हणून घरात आनंद झाला. परंतु त्यांना खुर्चीतून हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईना, आणि पेन्शनच्या अर्जावर सही करताना हात थरथरू लागला. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांचे दंड पाहून घरच्यांना सांगितले, "हा आकडा किडनीमुळे उतरला नाही, यांचे अंग उतरले आहे." बँकेतली शिल्लक काढून काढून खर्च चालवावा आणि खर्च भागतो म्हणून समाधान मानावे, तसाच हा प्रकार. त्यानंतर त्यांना पुन्हा जेवते करायला बरेच महिने लागले.

मग किती खावे? डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिने सांगतात. त्यातही खालचा आकडा आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच पाळायचा. डायलिसिस सुरू झाले की हिशेब बदलतो : दर किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतात. पुष्कळ घरांत नेमके इथेच चुकते. डायलिसिस सुरू होते, पण जुने पथ्य तसेच चालू राहते.

५० किलो वजनाच्या माणसाचे उदाहरण घेऊ. डायलिसिसपूर्वी त्याला ३० ते ४० ग्रॅम प्रथिने हवीत. दिवसभराच्या भाकरी, पोळी, भातातील २०० ग्रॅम धान्यातून १८ ते २० ग्रॅम मिळतात, ३० ग्रॅम डाळीतून ६ ते ७, एका अंड्यातून ६, अर्धा कप दुधातून ३. झाले जवळपास ३५ ग्रॅम. डायलिसिसवर असल्यास त्यातच दोन अंड्यांचा पांढरा भाग आणि मासळीचा एक मध्यम तुकडा वाढवला की ५० ते ५५ ग्रॅम होतात. अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने भरपूर आणि फॉस्फरस अगदी थोडा, म्हणून तो सोयीचा. अंडी-मासळी न खाणाऱ्यांनी डाळ, दही, पनीर, सोयाबीन यांचे प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

प्रथिनांइतकेच महत्त्व उष्मांकांना आहे. दर किलोला २५ ते ३५ उष्मांक, म्हणजे या माणसाला साधारण १५०० लागतात. ते कमी पडले तर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. तेल-तूप आणि शेंगदाण्याशिवायची साबुदाण्याची खिचडी यांतून प्रथिने फारशी न वाढता उष्मांक मिळतात; मधुमेह्यांनी मात्र विचारून घ्यावे.

तोडायचे ते वेगळेच आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. लोणचे, पापड, खारवलेले सुकट-बोंबील यांना आवर घालावा. 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पुष्कळदा पोटॅशियम असते. ते या रुग्णांना घातक ठरू शकते. पोटॅशियम वाढलेले असेल तर शहाळ्याचे पाणी, फळांचे रस टाळावेत आणि भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. करंबळ हे फळ तर किडनीच्या रुग्णाने मुळीच खाऊ नये. त्यातील विषारी द्रव्य मेंदूवर परिणाम करते. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांनी आपला प्रथिनांच्या भुकटीचा डबा किडनी बिघडलेल्या वडिलांपुढे ठेवू नये, हेही सांगतो. उपासमार जशी वाईट, तसा अतिरेकही.

आणि आहाराला हालचालीची जोड हवी. रोज थोडे चालणे, खुर्चीतून उठणे-बसणे, डॉक्टरांच्या संमतीने हलके वजन उचलणे, एवढ्यानेही स्नायू टिकायला मदत होते.

मित्रहो, हा विषय धम्माच्या व्यासपीठावर का, असे कोणी विचारील. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. शरद ऋतूतील आजाराने श्रावस्तीचे भिक्षू अन्न ओकत होते. ते कृश झाले, फिके पडले, अंगावर शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी ते पाहिले, आनंदाला कारण विचारले आणि तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे घेण्यास अनुज्ञा दिली. प्रथम योग्य वेळीच. पण तेवढ्याने भागेना, तेव्हा अवेळीही. म्हणजे रुग्णाच्या कृश देहापुढे त्यांनी नियमाला मुरड घातली. आज किडनीच्या रुग्णाने याच पाच वस्तू खाव्यात असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की झिजणाऱ्या शरीराकडे आधी पाहावे. म्हणून उपोसथाच्या दिवशी अशा रुग्णांना उपाशी राहण्याचा आग्रह कोणी करू नये.

त्याच महावग्गात शुश्रूषेला अवघड असणाऱ्या रुग्णाची लक्षणे सांगितली आहेत. तो अपायकारक गोष्टी करतो, आणि हितकारक गोष्टींतही मात्रा जाणत नाही. ही 'मात्रा जाणणे' म्हणजेच आपला आजचा विषय. कठोर उपोषणाने देहाचा सापळा करून घेतल्यावर सिद्धार्थ गौतमांनी तो मार्ग सोडला आणि अन्न घेतले, हे तर लहान मुलांनाही ठाऊक आहे.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. एक, ज्या घरी किडनीचा रुग्ण आहे, तिथे आपल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा जावे आणि वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : वजन आणि सूज, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठता येते का, आणि बांगड्या किंवा बाह्या सैल झाल्या का. ही वही डॉक्टरांना दाखवावी. दोन, पहिल्या भेटीतच 'काय बंद करू' यासोबत 'किती खाऊ' हे विचारावे, आणि डायलिसिस सुरू होताच पुन्हा विचारावे. तीन, २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिसची तरतूद आहे. त्याची कागदपत्रे करून देण्यास आमच्यासारख्या कारकुनांनी पुढे यावे. जो पैसा उपचारात वाचेल, त्यातून रोजचे अंडे येईल.

आपल्या समाजाने उपासमार पिढ्यान्‌पिढ्या भोगली. ती आता पथ्याचे नाव घेऊन आजाऱ्याच्या ताटात परत येऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे. 

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!