अक्षर टिकते कसे?

‘अक्षर’ म्हणजे ज्याला क्षय नाही ते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु संगणकावर लिहिलेले अक्षर ओळखीपलीकडे जाऊ शकते, हे मला घरातच अनुभवास आले.

माझ्या थोरल्या काकांनी १९९९ मध्ये बडोद्यातील आपल्या बालपणाच्या आठवणी संगणकावर लिहून ठेवल्या होत्या. ते गेल्यानंतर काकूंनी ती फाईल माझ्या हवाली केली. उघडून पाहतो, तो पानेच्या पाने रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ! “म्हणजे यांचं लिहिलेलं सगळं गेलं का रे?” काकूंनी विचारले.

ते गेले नव्हते. त्या काळच्या पुष्कळशा मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसविलेले असत. संगणक रोमन अक्षर साठवी आणि फाँट त्याला देवनागरी वेष चढवी. अशा एका प्रचलित फाँटात लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द, तो फाँट नसलेल्या यंत्रावर ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांत दिसतो!

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने हा घोटाळा टाळण्याची सोय केली. त्यात देवनागरी वर्णांना स्वतःचे क्रमांक आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५. फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो.

तेव्हा आपल्या मंडळाची इतिवृत्ते, स्मरणिका, घरातील टिपणे जुन्या फाँटांत असतील, तर ती आजच युनिकोडमध्ये आणावीत. फाईलमध्ये फाँटाचे नाव बहुधा सापडते. त्यावरून योग्य रूपांतरक निवडता येतो. मात्र रूपांतरानंतर मजकूर डोळ्यांखालून घालावा. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, तर युनिकोडमध्ये नंतर साठविली जाते. त्यामुळे वेलांट्या आणि रफार हमखास चुकतात. मूळ फाईल टाकू नये. नवी प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी आणि एक कागदावर छापून ठेवावी.

काकांचा मजकूर दुरुस्त करण्यास मला तीन आठवडे लागले. काकूंना पहिले पान वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून एक चूक काढली. ती मात्र फाँटाची नव्हती, काकांची होती!